पाळकांच्या शिकवणीवर प्रश्न विचारला तर देवाचा न्याय आपल्यावर येतो का? खोट्या शिक्षकांबद्दल बायबल काय म्हणतं?

नाही येत. प्रामाणिकपणे विचारणाऱ्याला भीती घालायची, ही पवित्र शास्त्राची रीतच नाही. बिरुया शहरातल्या लोकांनी तर खुद्द प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून तपासून पाहिलं आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांचं कौतुकच झालं आहे. कडक न्यायाचा इशारा आहे तो शिकवणाऱ्याला. याकोब ३:१ वाचा.

हे मी तावातावाने लिहिते आहे त्याला कारण आहे. माझ्या आईला मधुमेह आहे. एका पाहुण्या उपदेशकाने सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "परमेश्वर म्हणतो, तू बरी झालीस. आता औषध घेणं म्हणजे अविश्वास." आईने त्या रात्रीपासून इन्सुलिन बंद केलं. कुप्या फ्रिजच्या दारात तशाच राहिल्या, सुया तिने कागदात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. पुढे उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालायला लागला आणि तिला अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. ती वाचली. त्या उपदेशकाला फोन केला तर उत्तर मिळालं, "बहिणीचा विश्वास कमी पडला."

मी हे मंडळीत उघड विचारायचं ठरवलं तेव्हा काका आडवे आले. "अगं, देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये. मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाचं काय झालं? जमिनीने गिळला त्याला." वर २ पेत्र २ मधलं अधिकाऱ्यांना तुच्छ मानणाऱ्यांचं वचन मलाच ऐकवलं.

तो अख्खा अध्याय खोट्या शिक्षकांवर आहे. तिसऱ्याच वचनात म्हटलंय की ते लोभापायी बनावट गोष्टी सांगून तुमच्यावर पैसा कमावतील. पुढे देवाने पापी देवदूतांनाही सोडलं नाही, जलप्रलय आला, सदोम आणि गमोरा राख झाली, हे सगळं पेत्र सांगतो ते अशांचा न्याय ठरलेला आहे म्हणून. त्याच दमात नोहा आणि लोट वाचले हेही सांगतो. मग बलाम संदेष्टा येतो, अनीतीच्या मजुरीवर जीव टाकणारा. यातलं एकच वचन तोडून माझ्या आईच्या बाजूने बोलणाऱ्यावर फेकायचं? आणि कोरहाला याजकपद हवं होतं, मला आईचं औषध चालू हवं होतं. गणना १६ मध्ये मोशे म्हणतो की मी यांच्यापैकी कोणाचं एक गाढवही घेतलेलं नाही. कोरहाचं नाव घेऊन धमकावणाऱ्या प्रत्येकाने आधी हे वाक्य मंडळीसमोर म्हणून दाखवावं.

अभिषिक्तांचं वचन स्तोत्र १०५ मधलं आहे. तिथे देव परक्या देशांत भटकणाऱ्या अब्राहाम, इसहाक, याकोबाला हात लावू नका म्हणून राजांना दटावतो. उपदेशकाला जाब विचारू नये असं त्यात काही नाही. पौलाने अंत्युखियात पेत्राला तोंडावर अडवलं होतं, पेत्र काय कमी अभिषिक्त होता?

ओळखायचं कसं, तर यिर्मया २८ वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, बंदिवान परत येतील. देवाचा खरा संदेष्टा यिर्मया आधी काय म्हणतो? "आमेन, परमेश्वर तसंच करो." त्यालाही तेच हवं होतं. पण लोकांना आवडणारं बोलणं आणि देवाचं बोलणं एक नव्हतं. बाबेलच्या गुलामगिरीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं लाकडी जू हनन्याने मोडलं, त्याच्या जागी लोखंडी येईल असं देवाने सांगितलं. तू या लोकांना लबाडीवर भरवसा ठेवायला लावलंस, असं ऐकून हनन्या त्याच वर्षी मेला. अनुवादाच्या पुस्तकातलं १८:२२ ही कसोटी आणखी सरळ करतं: देवाच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही तर तो संदेष्टा उद्धटपणाने बोलला, त्याला भिऊ नकोस. आई बरी झालेली नव्हती. यापुढे काकांना काय बोलायचं असेल ते त्यांनी या वचनाशी बोलावं.

आजाराला अविश्वास म्हणणाऱ्यांना पौलाचा सोबती त्रफिम याच्याबद्दलही विचारा. पौलाने त्याला मिलेतात आजारीच सोडलं, २ तीमथ्य ४:२०.

एक मात्र सांगायला हवं. चुकीचं शिकवणारा प्रत्येक जण खोटा शिक्षक नसतो. अपुल्लोस या उपदेशकाला फक्त योहानाचा बाप्तिस्मा माहीत होता, प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने त्याला जवळ घेऊन नीट समजावलं आणि त्याने ऐकलं. तुमच्या पाळकांशीही आधी एकांतात, वचन समोर ठेवून बोला. शिक्षा करणं देवाचं काम आहे, ती कधी होईल हेही त्याच्याच हाती. पण त्या उत्तरात वचनाऐवजी धमकी आली, किंवा कोणाचं औषध बंद करायला सांगितलं गेलं, तर एकांत पुरे. मंडळीच्या वडिलांसमोर उघड बोला आणि औषध त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा.