आधी पक्षाचं नाव झाका, मग बैठक घ्या

दादा, तुम्ही लिहिलं की लेआऊटमधल्या सगळ्या पक्षांच्या लोकांना राजकारणातल्या कंपन्यांच्या पैशाविरुद्ध एकत्र आणायचं होतं, समाजभवनात बैठक बोलावली आणि पंधरा मिनिटात गाडी "तुमच्यानं किती खाल्ले" वर गेली. माझं सेम टू सेम झालं होतं, म्हणून जरा लांब लिहून राहिलो.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं इलेक्टोरल बाँड (नाव न सांगता पक्षाला पैसे द्यायची सोय) रद्द केले आणि मार्चमधे निवडणूक आयोगाच्या साईटवर कोणी दिले, कोणच्या पक्षाला किती मिळाले याची यादी आली. मी शहाणा, तिचे प्रिंटआऊट काढून बैठकीत घेऊन गेलो. सतरा-अठरा लोकं होते. भाजप सहा हजार कोटींच्या वर, तृणमूल सोळाशेच्या वर, काँग्रेस चौदाशेच्या वर, एवढं वाचलं न वाचलं तं एक काका उठले, "आमचे खासदार किती ते पण बघा ना, माणशी हिशोब काढा!" झालं. समोरून दुसरे सुरू झाले. तिघं जण खर्रा घोटायला म्हणून बाहेर गेले ते परत आलेच नाही.

चूक माझीच होती. आकडे हातात दिले की लोकं ते क्रिकेटच्या स्कोअरसारखे वाचतात, आपली टीम जिंकून राहिली की हरून राहिली एवढंच दिसतं त्यांना.

पुढच्या वेळी यादी घरीच ठेवली, फक्त दोन चिठ्ठ्या नेल्या, पक्षाचं नाव कुठंच नाही. पहिलीत लिहिलं होतं: पक्षानं परदेशी मालकीच्या कंपन्यांकडून देणग्या घेतल्या, हायकोर्टानं कायदा मोडला म्हणून सांगितलं, मग संसदेनं कायदाच मागच्या तारखेपासून बदलून टाकला. दुसरीत: केंद्रीय माहिती आयोगानं सांगितलं की पक्षांना आरटीआय, म्हणजे माहितीचा अधिकार, लागू आहे, पक्षानं ऐकलंच नाही. मग विचारलं, सांगा बाप्पा, कोणचा पक्ष? सगळ्यांनी छातीठोक समोरच्याचं नाव घेतलं.

उत्तर असं होतं. पहिली चिठ्ठी भाजप आणि काँग्रेस दोघांची, दिल्ली हायकोर्टाचा निकाल २०१४ चा, आणि २०१८ च्या वित्त विधेयकातून तो बदल थेट १९७६ पासून लागू झाला, तोही लोकसभेत चर्चा न होता. दुसरी जून २०१३ ची, त्यात भाजप, काँग्रेस, राष्ट्रवादी, बसपा आणि दोन्ही कम्युनिस्ट, सहाच्या सहा. एकमेकांचं तोंड न पाहणारे लोकं या एका गोष्टीत कसे खांद्याला खांदा लावून उभे होते! तेव्हा पहिल्यांदा त्या हॉलमधे शांतता झाली, आणि ते माणशी हिशोबवाले काकाच म्हणाले, "म्हणजे पैशाच्या बाबतीत त्यांची युती आधीपासूनच आहे, भांडून राहिलो फक्त आपण."

आता मागणी काय ठेवायची. "कंपन्यांच्या देणग्या बंदच करा" असं कोणी तरी म्हणतंच, पण मी त्या बाजूचा नाही. १९६९ ला बंदी घालून झाली, १९८५ ला उठवावी लागली, मधल्या काळात पैसा थांबला नाही, थैल्यांतून फिरला. त्यापेक्षा लहान आणि टोकदार मागणी घ्या. आमच्याकडे चालली ती साडेसात टक्क्याची गोष्ट. आधी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यापर्यंतच देणगी देता यायची, २०१७ ला ती मर्यादा काढली, म्हणजे तोट्यातली कंपनीही पाहिजे तेवढं देऊ शकत होती. कोर्टानं २०२४ ला हेही रद्द केलं. हे सांगितल्यावर इतवारीत दुकान असलेले एक जण लगेच बोलले, "ज्याचं गल्ल्यात काही नाही तो कोटी कुठून देते? पैसा दुसऱ्याचाच." आमची मागणी एवढीच, की ती मर्यादा परत कधी उठू नये आणि कोणच्या कंपनीनं कोणच्या पक्षाला किती दिले हे मतदानाच्या आधी कळावं, वर्ष उलटून गेल्यावर नाही. यावर दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या.

आणखी एक काम द्या लोकांना, नाही तं नुसत्या सह्या करून घरी जातात. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे (पक्षाला काहीच नाही, ते वेगळं रडणं), आणि निकालानंतर ३० दिवसांत त्याला हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो कोणीही पाहू शकतो, नियमात फी एक रुपया आहे. एक अट मात्र ठेवा, जायचं जोडीनं, आणि जोडीत दोन वेगळ्या पक्षांचे.

आमच्याकडून माणशी हिशोबवाले काका आणि त्यांचे कट्टर विरोधक एका स्कूटरवर सिव्हिल लाइन्सला त्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात हिशोब पाहायला गेले. एका सभेच्या पानावर दोघांचं बोट थांबलं, कारण त्या सभेला दोघंही हजर होते, एक स्टेजजवळ आणि एक गंमत पाहायला मागे. खुर्च्या लिहिल्या होत्या दोनशे. परत येताना तर्री पोह्याच्या ठेल्यावर थांबले आणि दोघांनी मिळून मैदानाचा नकाशा पेपर नॅपकिनवर काढून रांगा मोजल्या, एक म्हणे आठशे, दुसरा म्हणे हजाराच्या खाली तं नव्हत्याच.