बर्गंडीतला फोंतने मठ : पाहण्यासारखे काय आहे?

पॅरिसच्या मुक्कामातला एक अख्खा दिवस फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या फोंतनेच्या मठासाठी द्यावा का, असे आपण विचारले आहे. तिथे कोरीवकाम नाही, रंगीत काचा नाहीत आणि छायाचित्रांत नुसत्या भिंती दिसतात, ही आपली शंका रास्त आहे. मी ऑक्टोबरमध्ये तिथे जाऊन आलो आणि माझ्या मते दिवस जरूर द्यावा; मात्र तिथे काय नाही आणि ते का नाही, एवढे समजून घेऊन जावे.

क्लेर्वोचे मठाधिपती संत बर्नार्ड यांनी १११८ मध्ये हा मठ स्थापन केला. ते साधेपणावर भर देणाऱ्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचे होते, आणि मठांतले वाढते वैभव त्यांना मुळीच मान्य नव्हते. ११२५च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्ररूप लेखात त्यांनी ओवऱ्यांच्या खांबांवर कोरलेल्या माकडांवर, सिंहांवर आणि चित्रविचित्र प्राण्यांवर कडाडून टीका केली: ते पाहण्यात साधूंचा दिवस जातो, पोथी बाजूला राहते, आणि या वेडेपणाची नाही तरी निदान खर्चाची तरी लाज वाटावी, असा त्यांचा रोख होता. फोंतनेच्या ओवऱ्यांत हिंडताना हे आठवावे. तिथल्या खांबांच्या माथ्यावर फार तर एखादे सपाट पान आहे, तेही दगडातून जेमतेम वर उचललेले; बोट फिरवले तरच त्याची कड नीट कळते.

मुख्य चर्चमध्ये मात्र घाई करू नये. ११४७ मध्ये पोप तिसरे यूजीन यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. इमारत सुमारे ६६ मीटर लांब आहे, वर टोकदार कमानीचे सलग दगडी छत आहे, आणि मधल्या दालनाच्या वरच्या भिंतींना खिडक्याच नाहीत. प्रकाश येतो तो पुढच्या आणि मागच्या भिंतींतल्या खिडक्यांतून, आणि बाजूच्या दालनांतून कमानींखालून झिरपतो तेवढाच. त्यामुळे आत शिरल्यावर आधी अंधारच जाणवतो, मग डोळे सरावतात आणि दगडाचा राखाडी-पिवळा रंग हळूहळू उजळू लागतो. मी सकाळी पोहोचलो होतो; पूर्वेच्या खिडक्यांतून आलेला उजेड खाली मातीच्या जमिनीवर पडला होता, आणि पाऊण तासात तो खांबाच्या तळापासून चांगला हातभर सरकला. हे पाहायला बसावेच लागते, आणि बहुतेक पर्यटक बसत नाहीत.

वरच्या मजल्यावरचे शयनगृह नुसता लाकडी छताचा एक लांबलचक हॉल आहे. साधू तिथे अंगावरच्या कपड्यांनिशी गवताच्या गाद्यांवर झोपत आणि रात्रीच्या प्रार्थनेसाठी जिन्याने थेट चर्चमध्ये उतरत. त्यांच्यासाठी शेकोटीची खोली अशी एकच होती. बर्गंडीचा हिवाळा सोसलेल्या कोणालाही याचा अर्थ सांगायला नको.

माझ्या मते मठाची खरी ओळख पटते ती बाहेरच्या बाजूला ओढ्याकाठी असलेल्या लोहारखान्यात. स्वतःच्या हातांनी काम करून जगायचे, या पंथाच्या नियमामुळे साधूंनी डोंगरातले लोखंडाचे खनिज आणून ते इथे वितळवले, आणि ओढ्याचे पाणी वळवून चाकावर मोठा घण चालवला. लोहारखान्याची इमारत ५० मीटरपेक्षा लांब आहे, आणि घण कसा चालत असे ते आता एका प्रतिकृतीवरून पाहता येते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला आणि १८२०पासून तिथे कागदाची गिरणी होती. १९०६ मध्ये लियाँचे बँकर एदुआर ऐनार यांनी तो विकत घेऊन गिरणीची बांधकामे पाडली, म्हणून आज ही जागा पुन्हा मोकळी दिसते. १९८१ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

जाण्यासाठी पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून मोंबारला जाणारी गाडी घ्यावी. वेगवान गाडीने साधारण तासाभराचा प्रवास आहे. मोंबारहून मठ सुमारे सहा किलोमीटरवर असून टॅक्सी करावी लागते. उतरतानाच चालकाला परतीची वेळ सांगून ठेवावी. मी ते विसरलो आणि संध्याकाळच्या गाडीसाठी ते सहा किलोमीटर रानातल्या रस्त्याने भराभर चालत आलो. स्वेटरही बरोबर असू द्यावा, कारण बाहेर ऊन असले तरी चर्चमध्ये बसून राहिल्यावर थंडी वाजते.