घरी सगळं बरं, बोटीवर पाय ठेवला की भांडण

"घरी आमचं चांगलं चाललेलं असतं हो, पण सुट्टीवर गेलो की चार दिवसांत एकमेकांचं तोंड बघवत नाही, मग आमचं नातं खरं कुठलं समजायचं?" हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, उन्हाळ्याची सुट्टी संपली की तर हमखास. याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून एका जोडप्याचा अनुभव सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पन्नाशीतलं जोडपं, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली, आणि स्वतःची साधारण १० मीटर लांबीची शिडाची यॉट. तो कॉलेजपासून सेलिंग करणारा, ती लग्नानंतर त्याच्यामुळे बोटीवर गेलेली. दर उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्याने निघायचं, दिवसभरात पुढचं बंदर गाठायचं, रात्री मरिनात, म्हणजे यॉट लावायच्या बंदरात, नाहीतर एखाद्या आडोशाच्या जागी नांगर टाकून राहायचं. फोटो बघून कोणालाही हेवा वाटेल. त्या वर्षी मात्र ती अर्ध्यातूनच बॅग उचलून बसने घरी आली आणि तो बोट एकट्याने परत घेऊन आला.

झालं होतं असं की धक्क्याला बोट लावताना आडवा वारा सुटलेला, तो सुकाणूवर, ती पुढच्या टोकाला दोर हातात घेऊन उभी. तो ओरडला "मार उडी!", तिला मधलं अंतर दिसत होतं, तिने नाही मारली, बोटीचं तोंड वाऱ्याने भलतीकडे गेलं, शेजारच्या बोटीला घासता घासता राहिली, मग तो अजून जोरात ओरडला, आणि आजूबाजूचे लोक मदतीला धावल्यामुळे सगळ्यांनी सगळं ऐकलं. "घरी हा माझ्याशी असा कधीच बोलत नाही," ती म्हणाली. तो म्हणाला, "मी तिच्यावर नव्हतो ओरडत, परिस्थितीवर ओरडत होतो." (हे वाक्य मी इतक्या नवऱ्यांकडून ऐकलंय की आता मी फक्त मान हलवते.)

मी दोघांना एकेक कागद दिला आणि म्हटलं, त्या क्षणी तुम्हाला जे दिसत होतं ते काढा. त्याच्या चित्रात वाऱ्याचे बाण, शेजारची बोट, आणि बोट कुठे सरकणार त्याची तुटक रेष. तिच्या चित्रात बोट आणि धक्क्याच्या मधलं पाणी, एवढंच. त्याच्या चित्रात ती नव्हती आणि तिच्या चित्रात वारा नव्हता.

मग एकमेकांना समजावून सांगायला लावलं. त्याने सांगितलं की सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच सुकाणू काम करतं, बोट फार हळू केली की ते कितीही फिरवा उपयोग नाही, वारा ढकलेल तिकडे बोट जाणार, म्हणून आडव्या वाऱ्यात थोडा वेग ठेवावाच लागतो. तिला इतकी वर्षं वाटत होतं की हा लोकांना दाखवायला जोरात आणतो! आणि तिने सांगितलं की मी पुढे तोंड करून उभी, तू माझ्या पाठीमागे, तुझ्या पायाखाली इंजिन, वरून वारा, तुझे शब्द मला कळतच नाहीत रे, फक्त ओरडणं ऐकू येतं. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. उडीचं म्हणाल तर तिचं बरोबर होतं, सेलिंग शिकवणारे पण हेच सांगतात की धक्क्यावर पाऊल टाकून उतरायचं, उडी मारायची नाही, घसरून बोट आणि धक्क्याच्या मध्ये माणूस सापडला तर टनावारी वजन त्याच्यावर येतं. पाऊल टाकण्याइतकी बोट जवळ आणणं हे सुकाणूवाल्याचं काम. हे त्याला माहीत होतं, आडव्या वाऱ्यात विसरला.

पण त्याची तक्रार वेगळीच होती. "ती रागावून गप्प बसते. सकाळी निघालो की तासाभरात तोंड बंद, विचारलं तर काही नाही म्हणते, मग दिवसभर मी एकटाच." मी तिला विचारलं की गप्प होण्याआधी काय काय होतं, तर म्हणाली जांभया येतात, थंडी वाजते, कशाचंच काही वाटेनासं होतं, आणि केबिनमध्ये जाऊन पडावंसं वाटतं. आता ही बोट लागण्याची सुरुवातीची लक्षणं आहेत. उलटी फार नंतर येते, कधी येतही नाही, त्याच्या आधी माणूस पांढरा पडतो, जांभया देतो, अबोल होतो. डोळे केबिनची स्थिर भिंत बघतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की सगळं हलतंय, त्या गोंधळातून हे होतं, म्हणून खाली जाऊन पडणं बऱ्याच जणांना आणखी महागात पडतं. वर मोकळ्या हवेत बसून क्षितिजाकडे बघितलं, त्यातही स्वतः सुकाणू धरलं, तर खूप फरक पडतो, आणि बहुतेकांचं शरीर दोनतीन दिवसांत सरावतं. गोळ्या आहेत पण त्या निघायच्या आधी घ्याव्या लागतात आणि बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच. म्हणजे ज्याला तो राग समजत होता त्यातला निदान अर्धा भाग मळमळ होती. उरलेला अर्धा राग होताच, ते तिनेही कबूल केलं.

दुसरी एक गोष्ट, "काही होत नाही" हे वाक्य. बोट वाऱ्याने कलली की तिला वाटायचं उलटणार, तो म्हणायचा काही होत नाही. खरंच होत नाही, अशा यॉटच्या तळाला जड कील असते, म्हणजे पाण्यात खाली उतरलेला वजनदार पंखा, बोटीच्या एकूण वजनाचा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग तिथेच असतो, आणि बोट कलत जाते तशी ती कील तिला सरळ करायला जास्त जोर लावते, निदान बऱ्याच मोठ्या कोनापर्यंत. पण हे त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं! आणि "सकाळी तर म्हणालास वारा कमी आहे" हे तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. १५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) वारा पाठीमागून असेल आणि बोट ६ नॉटने चालली असेल तर अंगाला ९ नॉटच लागतो, सगळं कसं छान निवांत, आणि तीच बोट वळून वाऱ्याला तोंड देत निघाली की तोच वारा २० च्या आसपास लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. त्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं की ते सांगायचं असतं हेच त्याला सुचलं नाही, आणि तिला वाटत राहिलं की आपण भित्र्या.

पण खरं वळण आलं ते रात्रीच्या विषयावरून. मी सहज विचारलं, झोप कशी होते बोटीवर? ती म्हणाली मस्त, पाण्याचा आवाज, मी तर घरच्यापेक्षा चांगली झोपते. तो काहीच बोलेना. मग म्हणाला, नांगर टाकलेल्या रात्री मी झोपत नाही. वारा फिरला, भरती आली की बोट फिरते, नांगर सुटला तर खडकावर जायला किती वेळ लागतो, म्हणून दर तासा-दीड तासाने उठून वर जाऊन बघून येतो. किती वर्षं? पहिल्यापासून. तिला पत्ताच नव्हता. "मला उठवायचं ना रे," ती म्हणाली, आणि तो म्हणाला, "उठवून काय केलं असतंस?" तो हे टोमणा म्हणून नाही बोलला, खरंच विचारत होता, आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी तो प्रश्न विचारला जो मी अशा जोडप्यांना नेहमी विचारते, फक्त इथे तो जरा जास्तच खरा होता. उद्या भर समुद्रात हे पाण्यात पडले तर तुम्ही काय कराल? तिला इंजिन सुरू करता यायचं. शीड एकटीने उतरवता यायचं नाही, रेडिओवर संकटासाठीचं चॅनल १६ लावून मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, कशी द्यायची, आपण कुठे आहोत ते कुठे वाचायचं, बोट वळवून त्याच्यापर्यंत कशी आणायची, काहीच नाही. तो अक्षरशः एका अशा माणसाच्या भरवशावर समुद्रात जात होता ज्याला त्याने कधी काही शिकवलं नव्हतं. आणि ती अशा बोटीवर होती जिथे तिचा जीव सतत दुसऱ्याच्या हातात. त्याच्यावर सगळी जबाबदारी म्हणून तो ओरडतो, तिच्या हातात काहीच नाही म्हणून ती घाबरते आणि गप्प होते, आणि घरी हे दिसत नाही कारण घरी दोघांनाही सगळं चालवता येतं.

तर प्रश्नाचं उत्तर हे. सुट्टीतलं नातं जास्त खरं असं काही नसतं, पण घरी जे ओझं वाटलेलं असतं ते सुट्टीत बऱ्याचदा एकावरच पडतं, तिकिटं असोत, गाडी चालवणं असो नाहीतर बोट. आधी ते बघा, प्रेमाचा हिशोब नंतर.

पुढे काय केलं ते थोडक्यात. ती सेलिंग शिकली, पण नवऱ्याकडून नाही, ही माझी अट होती. नवऱ्याने बायकोला काहीही शिकवणं म्हणजे निम्मा वेळ जुनी भांडणंच, तिने बाहेरच्या प्रशिक्षकाकडे कोर्स केला. धक्क्याला लागायच्या आधी, आत शिरायच्या आधी, पाण्यातच थांबून बोलायचं ठरलं, कुठल्या बाजूने लावायची, पहिला दोर कुठला, आणि नाही जमलं तर कुठून बाहेर पडायचं. "नको, परत फिरू" म्हणायचा हक्क दोघांना, आणि म्हटलं की फिरायचंच, वाद नंतर. नांगर टाकताना हाताच्या खुणा. हेडसेट पण घेतले, दोन कानांवर लावायचे साधे वायरलेस, सेलिंगवाले त्यांना गमतीत मॅरेज सेव्हर म्हणतात. नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या निदान चार ते पाच पट सोडायची, खोली मोजताना भरतीचं वाढणारं पाणी आणि बोटीच्या टोकाची उंची धरायची, हे आता ती मोजते, आणि फोनवर अँकर अलार्म (नांगर सुटून बोट सरकली की वाजणारा) लावून रात्र दोघांत वाटून घेतलीय.

शीड कमी करायचं का अशी शंका ज्याला आधी येईल त्याचं ऐकायचं हेही ठरलं. त्याला वाटलं होतं वेग जाईल, पण फार कललेली बोट काही जास्त जोरात जात नाही, सुकाणू सतत ओढून धरावं लागतं आणि तेच ब्रेकसारखं काम करतं. आणि वाऱ्याच्या बोफर्ट मोजपट्टीवर ६ म्हणजे २२ ते २७ नॉटचा अंदाज असेल तर निघायचं नाही, पुढच्या मरिनाचं बुकिंग गेलं तर गेलं. त्या फजितीच्या दिवशी ते बुकिंग वाचवायलाच निघाले होते बरं का. तिला एखादा टप्पा नको असेल तर तिने बसने पुढच्या बंदरावर जावं, त्यात रुसणं-फुगणं नाही. जोडप्याने प्रत्येक मैल एकत्रच केला पाहिजे असं कोणी सांगितलंय!

भांडण कधी सोडवायचं यावर मात्र मी ठाम असते. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सिअ‍ॅटलमध्ये जोडप्यांना भांडताना यंत्रं लावून अभ्यास केला, हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणूस ऐकण्याच्या अवस्थेत राहत नाही आणि शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात असं ते सांगतात. त्यामुळे दोर बांधल्या बांधल्या "तू असं का केलंस" सुरू करायचं नाही. १० मीटरच्या बोटीवर जाणार कुठे, तर एकाने धक्क्यावर चक्कर मारून यायची, किंवा पुढच्या डेकवर बसायचं.

गॉटमननी आणखी एक सांगितलंय ते इथे महत्त्वाचं, रागापेक्षा तुच्छता नात्याला जास्त मारते. "दोर सोड!" असं कोणी बोंबलून म्हटलं तर मला फार काळजी वाटत नाही. "तुला एवढंही जमत नाही" असं हळू आवाजात, मित्रांसमोर, हसत म्हटलं तर वाटते. धक्क्याला लागल्यावर तासाभराने तो स्वतःहून येऊन बोलतो का? तुम्हाला भीती वाटतेय हे सांगायचीच भीती वाटते का? तुम्ही नको म्हणताय म्हणून मुद्दाम खराब हवेत बोट बाहेर काढली जाते का? तसं असेल तर शिडाचा, वाऱ्याचा काही संबंध नाही, तो माणूस घरीही तसाच असतो, फक्त घरी तुम्ही त्याच्या वाटेतून बाजूला होऊ शकता. तिथे हेडसेट घेऊ नका, कोणाशी तरी बोला, आणि धोका वाटत असेल तर बोटीवर जाऊच नका.

या जोडप्यात ते नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कामं अदलाबदल केली, धक्क्याला लावताना सुकाणू तिच्याकडे, दोर त्याच्याकडे, तसंही ओढायची ताकद त्याच्याकडे जास्त. पहिले काही दिवस तो पुढे उभा राहून एवढे हातवारे करायचा की शेवटी तिने हेडसेटवर सांगितलं, तू फक्त अंतर सांग, बाकी मी बघते. त्याला ते जड गेलं, अजून जातं. हल्ली त्यांचा वाद बो थ्रस्टर बसवायचा की नाही यावर चाललाय, पुढचं टोक डावी-उजवीकडे ढकलणारी ती छोटी मोटर तिला हवीय आणि तो म्हणतो शिडाच्या बोटीला कशाला. तो वाद मात्र माझ्याकडे आणू नका असं मी दोघांना सांगून ठेवलंय.