काकाकुवा मरतो का हो शेवटी?

प्रश्न : माझा धाकटा दीर लंडनहून येताना हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल घेऊन आला. जोसेफ राइट नावाच्या चित्रकाराचं चित्र आहे, काचेच्या भांड्यात पांढरा पक्षी आणि भोवती दिव्याच्या उजेडात माणसं जमलीत. दोन प्रॉब्लेम झालेत. एक तर निम्मे तुकडे काळेच दिसतात, कुठले कुठे लावायचे कळत नाही. आणि दुसरं म्हणजे पक्षी जुळला तशी आमची नऊ वर्षांची लेक म्हणाली की हे लोक त्याला मारतायत, आता ती पझलला हातच लावत नाहीये. तिला काय सांगू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, लेकीने बरोब्बर ओळखलंय, तिला "नाही गं, खेळतायत ते" असलं काही सांगू नका. हे चित्र 1768 चं, मूळ लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि चांगलं अडीच मीटरच्या आसपास रुंद आहे. मधे लांब पिकल्या केसांचा जो माणूस उभा आहे ना, तो प्रयोग दाखवतोय. खाली लाकडी चौकटीत पंप आहे, तो फिरवला की वरच्या काचेच्या गोळ्यातली हवा निघून जाते आणि आतला पक्षी, म्हणजे पांढरा काकाकुवा, गुदमरायला लागतो. प्रयोग तेव्हा नवा नव्हताच, इंग्लंडमधे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षं आधी पंप बनवून घेऊन पक्ष्यांवर वगैरे असले प्रयोग केले होते, राइटच्या काळात तर गावोगाव फिरणारे लेक्चरर लोक तिकीट लावून दाखवायचे. पण गंमत (गंमत कसली!) अशी की पक्षी का तडफडतो हे त्या खोलीत कोणालाच नीट माहीत नव्हतं, कारण ऑक्सिजनचा शोध लागायला अजून काही वर्षं होती, प्रीस्टली या इंग्लिश शास्त्रज्ञाचा ऑक्सिजनचा प्रयोग 1774 चा.

आता मरतो का? तर चित्रकाराने ते मुद्दाम सांगितलेलंच नाही. त्या माणसाचा डावा हात बघा, गोळ्याच्या वर झडपेवर आहे. झडप उघडली की हवा आत आणि पक्षी जगला, नाही उघडली तर संपलं. उजवीकडे खिडकीपाशी एक पोरगा दोरीने पिंजरा धरून आहे, तो पिंजरा खाली घेतोय का वर चढवतोय यावरही लोक वाद घालतात. खाली घेत असेल तर पक्षी परत पिंजऱ्यात जाणार ना! मला तरी वाटतं झडप उघडणार, कारण काकाकुवा तेव्हा लांबून आणलेला महागडा पक्षी, असल्या प्रयोगात कोण घालवेल त्याला. राइटने आधी काढलेल्या कच्च्या चित्रात साधाच छोटा पक्षी होता, काकाकुवा नंतर आला, पांढरा असल्यामुळे अंधारात उठून दिसतो म्हणून असेल.

आणि लेकीला हेही सांगा की तिच्यासारखंच तेव्हाही लोकांना वाटायचं. जेम्स फर्ग्युसन नावाचा त्याच काळातला लेक्चरर म्हणायचा की जिवंत प्राणी वापरणं बघणाऱ्यालाच सहन होत नाही, त्यापेक्षा काचेत फुगा ठेवून फुप्फुस कसं चालतं ते दाखवा. चित्रातसुद्धा मोठी मुलगी डोळे झाकून उभी आहे आणि तिचे वडील तिला समजावतायत, धाकटी मात्र वर बघतेय. डावीकडे एक जोडपं आहे त्यांना प्रयोगाशी काही घेणंदेणं नाही, एकमेकांतच रमलेत. तुमची लेक कोणासारखी हे तिलाच ठरवू द्या, बघा मग हात लावते का नाही.

काळ्या तुकड्यांचं म्हणाल तर ते रात्री ट्यूबलाइटखाली लावूच नका, दिवसा खिडकीशी तिरप्या उजेडात बघा, काळ्यात तपकिरी आणि हिरवट छटा दिसतात. चित्रात मुख्य उजेड एकच, टेबलावरच्या काचेच्या भांड्यामागे लपलेली मेणबत्ती, म्हणजे जितकं टेबलापासून लांब तितकं काळं, हे डोक्यात ठेवून तुकड्यांचे ढीग करा. आधी चेहरे आणि लाल झगा, मग पंपाचं लाकूड, मग चंद्राची खिडकी. उरलेला अंधार रंगाने नाही, तुकड्याच्या आकारानेच लागतो, त्याला इलाज नाही. टेबलावर मॅग्डेबर्गचे दोन अर्धगोल पण सापडतील, जोडून आतली हवा काढली की ओढून सुटत नाहीत ते, गेरिके नावाच्या शास्त्रज्ञाने जर्मनीत घोडे जुंपून दाखवलं होतं तेच छोट्या साइझमधे.

प्रश्न : जिगसॉ पझल पहिल्यांदा कोणी काढलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : साधारणपणे नाव घेतात ते लंडनच्या जॉन स्पिल्सबरीचं, नकाशे कोरणारा माणूस, आणि योगायोग बघा, काळ वरच्या चित्राचाच, 1760 चं दशक. त्याने पातळ लाकडावर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमेवरून करवतीने कापला, मुलांना भूगोल शिकवायला. फ्रान्सचा तुकडा फ्रान्सच्याच आकाराचा, त्यामुळे ज्याला नकाशा येत नाही त्याची पंचाईतच.