मधुमेह : अभ्यासातलं गावात कसं आणायचं?

प्रश्न : मी सडपातळ आहे, तरी साखर सीमारेषेवर निघाली. वजन उतरवा म्हणतात. उतरवू काय?
– एक शिक्षक, बार्शी

गुरुजी, काटा सोडा, कमरेला टेप लावा. बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही चरबी भरपूर असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं दाखवत आले आहेत. पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ मध्ये ५३१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे तुमच्यासारखेच सीमारेषेवरचे. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. चालणं आणि आहार यांचा पाठपुरावा झालेल्या गटात ३९ टक्क्यांना. गंमत म्हणजे या गटाचं सरासरी वजन फारसं घटलंच नव्हतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीनेही साधारण तेवढाच फायदा झाला, पण दोन्ही एकत्र करून जास्तीचं काही हाती लागलं नाही. तेव्हा आधी रोज अर्धा तास भरभर चाला. गोळीचं डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : केरळात गावकऱ्यांच्या गटांनी मधुमेह रोखला असं ऐकलं. आमच्या गावात असे गट सुरू करू का?
– एक आशा सेविका, नंदुरबार जिल्हा

करा, पण ताई, ऐकलं ते अर्धंच खरं आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १,००७ जणांवर हा प्रयोग झाला. गट चालवणारे तिथलेच प्रशिक्षित रहिवासी होते. दोन वर्षांनी गटांतल्या १४.९ टक्के लोकांना मधुमेह झालेला होता, इतरांत १७.१ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे ‘रोखला’ म्हणता येत नाही.

मात्र ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी ज्यांची साखर चढलेली राहत होती, त्यांना फायदा झालेला दिसला. फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेल्यांना नाही. माझ्या मते धडा हाच : सरसकट सगळ्यांना गटात बसवू नका, निवडून घ्या. तुम्ही तिशीवरच्यांचा जो फॉर्म भरता, त्यात वय, कंबर, व्यायाम, घराण्यातला आजार सगळं असतं. धोक्याचे जास्त गुण आलेल्यांना आधी तपासणीला पाठवा.

प्रश्न : वडिलांना इन्सुलिन चालू आहे. घरी फ्रिज नाही. उन्हाळ्यात काय करावं?
– एक वाचक, परभणी

केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत हाच प्रश्न होता. तिथल्यासारख्या २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे टिकतं, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. परभणीचा मे महिना त्याच्याही वर जातो, म्हणून माठ लागेलच. बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा माठात, सावलीत ठेवा. बर्फाला लावू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. दुकानातून एका वेळी एकच बाटली आणा.

प्रश्न : औषधं आहेत, पण रुग्ण फिरकत नाहीत. उपाय?
– प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर

माणूस नेमा. भारत-पाकिस्तानातल्या दहा केंद्रांत, ज्यात १,१४६ रुग्ण होते, त्यातल्या साधारण निम्म्यांच्या पाठपुराव्यासाठी डॉक्टर नसलेला एक समन्वयक आणि डॉक्टरांना सल्ला सुचवणारं सॉफ्टवेअर दिलं. साखरेबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण या गटात १८ टक्के निघालं, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ८ टक्के. ही शहरातली मोठी केंद्रं होती, हे खरं. सॉफ्टवेअर नसेल तर वहीवर भागेल. न आलेल्याला त्याच आठवड्यात फोन करणं मात्र कुणाच्या तरी नावावर लिहून द्या.