उजवीकडे ओढणारी जुनी कॅमेरो

भाऊ, जोरात गॅस देऊन सुटताना तुझी शेव्हरले कॅमेरो उजवीकडे ओढते, म्हणून लगेच नवे टायर घेऊ नकोस. 1967 ते 69 च्या कॅमेरोत पुढची सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी चौकट) बॉडीला रबरी बुश (मधल्या गाद्या) आणि बोल्टने जोडलेली असते, मागे मात्र वेगळी फ्रेमच नाही. आधी ते बुश बघ, पन्नास वर्षांत पार चेपलेले असतात. मग सबफ्रेम कनेक्टर (पुढची सबफ्रेम बॉडीच्या मागच्या भागाशी जोडणारे दांडे) लाव, पण वेल्डिंग करताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. लिफ्टवर लोंबकळत वेल्ड केलीस, तर वाकलेली बॉडी तशीच पक्की होते.

आता ओढण्याचं. गॅस दिला की प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचा) पीळ मागच्या अ‍ॅक्सलचं डावं चाक जमिनीत दाबतो आणि उजवं उचलतो. डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) लॉक होणारं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं असेल, तर डाव्या चाकाची पकड गाडीला उजवीकडे वळवते. ओपन, म्हणजे लॉक न होणारं असेल, तर उजवं चाक नुसतं धूर काढतं (बघायला छान, वेळ मात्र वाया). मागच्या स्प्रिंगच्या पाट्याखाली ट्रॅक्शन बार (अ‍ॅक्सलला पिळू न देणारे दांडे) असतील, तर उजव्या बारचं रबर पाट्याला जवळपास टेकव, डावीकडे थोडी फट ठेव. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर टायरच्या खुणा बघ.