परवाने विकत घेतले तर आपल्या तळ्यात मासा वाढेल का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की कॅनडा-अमेरिकेत सरकार मासेमारांना पैसे देऊन त्यांचे परवाने परत घेतं, तसं गोसेखुर्द धरणावर आणि आपल्या मामा तलावांवर (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या तळ्यांवर) केलं तर मासा परत येईल का. भंडारा-गोंदियाकडच्या ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांसोबत बरीच वर्षं काम केलंय, त्यावरून सांगतो: नाही येणार. आणि गरीब ढिवराचं नुकसान मात्र होईल.

तिकडे परवाना ही विकता येणारी मालमत्ता असते. बोटी वाढत गेल्या, मासा घटला, पण बोटीवर कर्ज असल्यामुळे तोट्यातला धंदाही कुणाला सोडता येईना. म्हणून सरकार परवाना विकत घेऊन कायमचा रद्द करतं. 2003 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे 91 ट्रॉलर (जाळं ओढणाऱ्या मोठ्या बोटी) असे बाहेर काढले. खर्च सुमारे 4.6 कोटी डॉलर. त्यातले साडेतीन कोटींहून जास्त कर्जाऊ होते आणि ते फेडायचे धंद्यात राहिलेल्यांनी, आपल्या विक्रीतून कपात देऊन. हे मला मनापासून पटतं. ज्यांना समुद्र मोकळा मिळाला, भार त्यांच्यावर.

पण परवाना विकायला आधी कोण येतो? ज्याची बोट तशीही किनाऱ्याला पडून आहे तो. कागद कमी होतात, मासेमारी तेवढीच राहते. मागे राहिलेले मोठं इंजिन बसवतात आणि सुटलेला मासाही धरतात. बोटीवर मजुरी करणाऱ्याच्या हाती तर काहीच पडत नाही, कारण परवाना मालकाचा. 1996 मध्ये कॅनडाने ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सॅल्मन माशाचे परवाने परत घ्यायला 8 कोटी कॅनेडियन डॉलर ठेवले. त्यात किनाऱ्यावरच्या लहान मूलनिवासी गावांना मोठा फटका बसला, कारण परवान्यासोबत गावाचा रोजगारही गेला.

आता आपल्याकडे या. तळं संस्थेला ठेक्यावर मिळतं, सभासदाकडे विकण्यासारखं काही नसतंच. उद्या सरकारने सभासदत्वाचे पैसे देऊ केले, तर रजिस्टरवर नाव असलेला पण कधी पाण्यात न उतरणारा माणूस पहिला रांगेत असेल. डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासे विकणाऱ्या बाईचं नाव कित्येक संस्थांच्या यादीतच नाही. तिला कोण काय देणार?

पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचं पहा. पेंचच्या जंगलातून उठवलेल्या आदिवासींना मध्य प्रदेश सरकारने तिथे मासेमारीचे 305 परवाने दिले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 1997 मध्ये न्यायालयाने फोटो ओळखपत्रासारख्या अटी घालून मासेमारीला मुभा दिली. गेलेल्या जंगलाच्या बदल्यात मिळालेली ती रोजी होती. असा परवाना एकरकमी पैसे देऊन काढून घेणं म्हणजे त्याच माणसाला दुसऱ्यांदा उठवणं.

शिवाय आपला मासा फक्त जाळी जास्त झाल्याने गेला का? 1951 मध्ये मालगुजारी संपली, तळी सरकारजमा झाली आणि गावाने गाळ काढायची रीत हळूहळू मोडली. काठावर बेशरमची झुडपं माजली. देवधान (पाण्यातलं रानटी धान) आणि पाण्यातली गवतं गेली, तिथेच तर देशी मासळीची पिल्लं लपायची. वर कटला-रोहूचं बीज सोडलं की मत्स्यविकास झाला असं धरलं गेलं. मरळ, शिंगी हे देशी मासे पहिल्या पावसात उथळ पाण्याकडे, धानाच्या बांध्यांकडे चढतात. नेमकं तेव्हाच वाटेवर मच्छरदाणीसारखं बारीक जाळं लावतात, आणि वरून धानावर फवारलेलं कीडनाशक वाहत येतं. यातलं काय परवाना परत घेऊन थांबणार आहे?

म्हणून मागायचं असेल तर मासेमारी बंदीच्या महिन्यांची भरपाई मागा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मासेमाराचे 1500 आणि सरकारचे 3000 असे 4500 रुपये तीन महिन्यांत देण्याची तरतूद आहे. महिन्याला 1500 रुपयांत घर चालत नाही, ही रक्कम वाढलीच पाहिजे. तोवर संस्थेच्या आमसभेत एक ठराव घ्या: आषाढ-श्रावणात चढणीच्या वाटेवर जाळं नाही, बारीक जाळं बारा महिने बंद, आणि बेशरम उपटायचं काम रोजगार हमीतून. मासे विकणाऱ्या बायकांची नावं त्याच सभेत सभासद म्हणून घ्या. ठरावाची प्रत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात देऊन पोच घ्या.